रोजचा दीड जीबी कोणाच्या फायद्याचा?

मा. संपादक,

जुलै २०२४ च्या दरवाढीत जिओचा रोज दीड जीबीचा, २८ दिवसांचा प्लॅन २३९ वरून २९९ रुपयांवर गेला. एअरटेलचा तशाच कोट्याचा प्लॅन २९९ वरून ३४९ वर गेला. तरीही ‘आपल्याकडे डेटा स्वस्तच’ हे वाक्य दुकानात, बसमध्ये सर्रास ऐकू येते. ते कोणाच्या बाबतीत खरे आहे, हे कागदावर मांडून पाहायला हवे.

२९९ रुपयांत २८ दिवसांचे ४२ जीबी, म्हणजे जीबीला सात रुपये. पण हा दर सगळा डेटा वापरणाऱ्याचा. दिवसाचा कोटा रात्री बारा वाजता बुडतो, उरलेला दुसऱ्या दिवशी जमा होत नाही. घरी फायबर असलेला माणूस बाहेर पडल्यावर व्हॉट्सॲप, यूपीआय आणि थोडे नकाशे पाहतो. त्याचा वापर दिवसाला अर्धा जीबी धरला तरी २८ दिवसांत १४ जीबी, म्हणजे जीबीला एकवीस रुपयांहून जास्त. याउलट, वायफाय नसलेल्या खोलीत राहून रोज दोन-तीन तास साध्या दर्जाचा व्हिडिओ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला हाच प्लॅन पुरेपूर परवडतो, कारण ४८० पी चा तासभर व्हिडिओ साधारण अर्धा जीबी किंवा थोडा जास्त खातो.

या दोघांपैकी आपण कोणासारखे आहोत हे फोनच सांगतो. सेटिंग्जमधील डेटा वापराच्या पानावर मोजणीची तारीख रिचार्जच्या तारखेला लावावी, महिनाभराने आकडा पाहून तीसने भागावे. रोजचा हा वापर कोट्याच्या निम्म्याहून कमी आला तर रोजच्या कोट्याऐवजी पूर्ण मुदतीसाठी एकरकमी डेटा देणारा प्लॅन शोधावा. कमी वेळा दाखवले जाणारे हे प्लॅन दुकानदाराकडे मुद्दाम मागावे लागतात.

कोटा संपल्यावर नेट बंद होत नाही, पण वेग ६४ केबीपीएसवर येतो. म्हणजे सेकंदाला आठ किलोबाइट. दोन एमबीचा फोटो उतरायला चार मिनिटे लागतात. जाहिरातीतल्या ‘अमर्याद’ या शब्दाखाली एवढेच उरते. कोटा लवकर संपण्याचे कारण बहुतेक वेळा पडद्यामागे असते: फोटोंचा बॅकअप, ॲपचे आपोआप अपडेट, व्हॉट्सॲपच्या गटांतले व्हिडिओ. व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, मग स्टोरेज आणि डेटा, तिथे मोबाईल डेटावरचे आपोआप डाउनलोड बंद करावे. यूट्यूबवर मोबाईल नेटवर्कसाठी डेटा सेव्हर ठेवावा. एवढ्यानेच अनेकांना खालचा प्लॅन पुरेल.

फाइव्ह-जीच्या नावाने महाग प्लॅन घेताना आपल्या गोव्यात जास्तच जपावे. त्या दरवाढीनंतर अमर्याद फाइव्ह-जी रोज दोन जीबी किंवा अधिकच्या प्लॅनपुरते राहिले. साडेतीन गिगाहर्ट्झच्या लहरी चिऱ्यांच्या जाड भिंतींतून आत पोचेपर्यंत क्षीण होतात. फोन गुपचूप फोर-जीवर उतरतो आणि कोटा संपू लागतो. जादा पैसे भरण्याआधी आपण जास्त वेळ बसतो त्या खोलीत फोनवर कोणते चिन्ह दिसते ते दोन-तीन दिवस पाहावे. सत्तरी, सांगे, काणकोणच्या वाड्यांवर तर प्रश्नच वेगळा. पावसात वीज जाते, टॉवरची बॅटरी संपते, दिवसभर रेंज नसते, आणि त्या दिवसाचा कोटाही रात्री बारालाच बुडतो. हा मला उघड अन्याय वाटतो.

२८ दिवसांचे गणितही विसरू नये. वर्षाला बाराऐवजी तेरा रिचार्ज होतात. वरच्या प्लॅनमध्ये ते २९९ रुपये जादाचे. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या जानेवारी २०२२ च्या आदेशाने प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचा एक आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा एक प्लॅन ठेवणे भाग आहे. तो मागून घ्यावा. ज्येष्ठांच्या फोनला डेटाच नको असेल, तर डिसेंबर २०२४ च्या नियमाने फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅनही द्यावे लागतात. जानेवारी २०२५ मध्ये ८४ दिवसांचे असे प्लॅन साडेचारशेच्या आसपास आले. म्हणजे २८ दिवसांना साधारण दीडशे.

पैसे कापले पण डेटा मिळाला नाही, तर १९८ वर तक्रार करून डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक, लिहून घ्यावा. समाधान झाले नाही तर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते. कंपनी बदलायची असल्यास ‘पोर्ट’ हा शब्द इंग्रजीत, पुढे आपला नंबर, असा एसएमएस १९०० वर पाठवावा. सध्याच्या नेटवर्कवर ९० दिवस झालेले असावेत. आलेला कोड चार दिवस चालतो. जुना शिल्लक डेटा आणि बॅलन्स मात्र जातो, म्हणून मुदत संपत आल्यावरच पोर्ट करावे.

ट्रायने आता उरलेला डेटा निदान प्लॅनच्या मुदतीपर्यंत पुढे ओढायची सक्ती करावी, आणि टॉवर बंद राहिलेला दिवस मुदतीत परत जोडून द्यावा. गोव्यातील ग्राहक संघटनांनी आणि लोकप्रतिनिधींनी ही मागणी लेखी नोंदवावी.

– एक वाचक, फोंडा