पाटी लावण्याआधी दार वाजवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेले काही आठवडे आपल्या वृत्तपत्रात रस्त्यांच्या आणि वस्त्यांच्या नामांतरावर वाचकांची पत्रे येत आहेत. मी ती अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात, कॅन्सस सिटीत, सकाळच्या चहाबरोबर मोबाइलवर वाचते. बहुतेक पत्रे दोनच गोष्टी म्हणतात. नाव दिलेच पाहिजे, नाहीतर नावाने काय होते, आधी खड्डे बुजवा. मी राहते त्या शहरात एका रस्त्याला मार्टिन ल्यूथर किंग यांचे नाव मिळाले, वर्षाच्या आत ते मतदानाने काढले गेले आणि पुढे दुसऱ्याच रस्त्याला दिले गेले. हे सगळे मी एका औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी राहून पाहिले. म्हणून हे पत्र.

रस्त्याचे नाव ‘द पासेओ’. शहराच्या उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारा हा सुमारे दहा मैलांचा, मधोमध हिरवळ आणि झाडी असलेला रुंद रस्ता. जॉर्ज केस्लर नावाच्या उद्यानरचनाकाराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो आखला. नाव घेतले मेक्सिको सिटीतल्या ‘पासेओ दे ला रेफॉर्मा’वरून. त्याच्या पश्चिमेला थोड्याच अंतरावर ‘ट्रूस्ट’ नावाचा रस्ता आहे. ट्रूस्टच्या पूर्वेला काळे आणि पश्चिमेला गोरे, अशी या शहराची कित्येक दशकांची वाटणी. ती आपोआप झालेली नाही. घरांच्या खरेदीखतांतच लिहिलेले असे, की हे घर काळ्या माणसाला विकायचे नाही. अशी कलमे न्यायालयाने राबवू नयेत, हा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली दिला आणि तो खटला याच मिझुरी राज्यातल्या सेंट लुईस शहरातला. गावाच्या खालच्या अंगाला वस्ती असलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

पासेओ हा त्या पूर्वेकडच्या समाजाचा मानाचा रस्ता. १९२० साली काळ्या खेळाडूंची बेसबॉलची ‘निग्रो नॅशनल लीग’ स्थापन झाली, ती याच रस्त्यावरच्या ‘वायएमसीए’ या ख्रिस्ती युवक संघटनेच्या इमारतीत. गोऱ्यांच्या संघांत त्यांना जागा नव्हती, म्हणून त्यांनी आपली वेगळी लीग उभारली.

किंग यांची हत्या ४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिसमध्ये झाली. शिकागोने त्याच वर्षी आपल्या एका मोठ्या रस्त्याला त्यांचे नाव दिले आणि पुढे अमेरिकेत शेकडो रस्ते त्यांच्या नावाचे झाले. कॅन्सस सिटीत बाग होती, रस्ता नव्हता. इतक्या मोठ्या शहरात किंग यांच्या नावाचा रस्ता नाही, ही सल इथल्या काळ्या धर्मगुरूंच्या मनात बरीच वर्षे होती. किंग यांनीच उभ्या केलेल्या ‘सदर्न ख्रिश्चन लीडरशिप कॉन्फरन्स’च्या स्थानिक शाखेने आणि शहराचे पहिले काळे महापौर इमॅन्युएल क्लीव्हर यांनी मागणी लावून धरली. शेवटी जानेवारी २०१९ मध्ये सिटी कौन्सिलने आठ विरुद्ध चार मतांनी ठराव केला आणि पासेओचे नाव ‘डॉ. मार्टिन ल्यूथर किंग ज्युनिअर बुलेव्हार्ड’ झाले.

त्या दिवशी मी घरी शिरा केला. त्यामागची गोष्ट सांगते.

माझे वडील परभणीला एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक होते. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला, तेव्हा मी चौदा वर्षांची होते. ठरावापाठोपाठ गावोगाव आमच्या वस्त्या पेटल्या. माझी आजी गावाहून आमच्या खोलीवर आली, तेव्हा तिच्याजवळ एक पितळी घागर होती, दुसरे काही नव्हते. घर गेले, ज्वारीची कणगी गेली. ती कित्येक दिवस फक्त कणगीबद्दलच बोलत होती, घराबद्दल नाही. वडील मोर्च्यांना गेले, सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आले. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ ला, सोळा वर्षांनी. त्या संक्रांतीला वडिलांनी मला औरंगाबादला, विद्यापीठाच्या गेटवर नेले. ते काही बोलले नाहीत. पाटीकडे पाहत उभे राहिले, मग खिशातून तिळगूळ काढून माझ्या हातावर ठेवला. माझ्या पदवीच्या कागदावर ‘मराठवाडा विद्यापीठ’ आहे. धाकट्या भावाच्या कागदावर ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’. वडील पाहुण्यांना भावाचाच कागद दाखवत आणि मला त्याचे कधी वाईट वाटले नाही.

त्यामुळे पासेओवर नव्या पाट्या लागल्या, तेव्हा मला वाटले, इथे सोळा वर्षे लागली नाहीत, कोणाची कणगी जळली नाही, किती चांगले झाले.

मग दुकानात गिऱ्हाईके येऊ लागली. माझे काम औषधांच्या बाटल्यांवर नाव-पत्त्याची लेबले लावून ती हातात देण्याचे. पासेओवर राहणाऱ्या एक ऐंशीच्या घरातल्या काळ्या बाई दर महिन्याला रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला येत. मी उत्साहाने विचारले, पत्ता नवा घालू का? त्या म्हणाल्या, ‘नको. माझ्या रस्त्याचे नाव पासेओ आहे.’ मला धक्काच बसला. मी गप्प राहिले, पण त्यांना ते दिसले असणार. पुढच्या महिन्यात त्यांनी आपणहून विषय काढला. त्या म्हणाल्या, ‘किंग यांचा फोटो माझ्या बैठकीत पन्नास वर्षे आहे. पण मला कोणी विचारले नाही. माझे दार कोणी वाजवले नाही.’

त्यांचे म्हणणे खरे होते. रस्त्यावरच्या ७५ टक्के मालमत्ताधारकांची संमती हवी, असा नियम होता. कौन्सिलने तो या ठरावापुरता बाजूला ठेवला. आधी नेमलेल्या सल्लागार समितीने विमानतळाची नवी इमारत आणि पूर्व-पश्चिम जाणारा ६३ वा रस्ता हे पर्यायही सुचवले होते. ते मागे पडले. ‘सेव्ह द पासेओ’ म्हणून एक गट उभा राहिला. त्याने २,८५७ सह्या गोळा केल्या आणि प्रश्न मतपेटीत नेला.

सुरुवातीला या गटाचा मला रागच आला. ‘आमचा किंग यांना विरोध नाही, विरोध पद्धतीला आहे,’ असे ते म्हणत. हे वाक्य मी परभणीत शाळकरी वयात शंभरदा ऐकले होते: ‘आमचा बाबासाहेबांना विरोध नाही, पण मराठवाड्याची अस्मिता...’ ते म्हणणारी काही माणसे आमच्या वस्तीवर चालून आलेल्यांच्या ओळखीची होती. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय काढले, तेव्हा मराठवाड्यात विद्यापीठच नव्हते, हे त्यांना सांगून उपयोग नसे. त्यामुळे हे वाक्य कानावर आले, की माझ्या अंगावर काटा येतो. पण ते बोलणारी बाई इथे समोर उभी होती आणि ती त्याच समाजातली, त्याच रस्त्यावरची होती. तरुणपणी ती वेगळ्या नळाचे पाणी प्यायली होती. तिला मी किंगविरोधी कशी म्हणू? तेच वाक्य दोन माणसांच्या तोंडी दोन वेगळ्या गोष्टी सांगत होते आणि ऐकणाऱ्याने माणूस पाहायला हवा, हे मला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी कळले. या गटातले काही पुढारी मात्र गोरे होते आणि त्यांच्या मनात काय होते ते मी सांगू शकत नाही.

५ नोव्हेंबर २०१९ ला मतदान झाले. जवळपास ७० टक्के मते जुन्या नावाच्या बाजूने पडली. त्याआधीच्या रविवारी पासेओवरच्या एका चर्चमध्ये ‘सेव्ह द पासेओ’ची सभा होती. किंगसमर्थक तिथे आले आणि एक शब्द न बोलता बाकांमधल्या वाटेवर उभे राहिले. दोन्ही बाजूंना काळी माणसे होती. नंतर पाट्या उतरवल्या. बसमधून जाताना मला शिडीवरचा कामगार किंग यांचे नाव लिहिलेली पाटी खाली देताना दिसला. खालचा माणूस ती दोन हातांनी धरून नीट गाडीत ठेवत होता. मी पुढच्या थांब्यावर उतरले आणि थोडा वेळ बाकावर बसून राहिले. अख्ख्या देशाला ऐकू जाईल अशी ही बातमी झाली होती, की कॅन्सस सिटीने किंग यांचे नाव उतरवले. हा अपमान त्या बाईंनी केला नव्हता. तिचे दार न वाजवता तिच्या घरावर नाव लावणाऱ्यांनी तो ओढवून घेतला होता. समर्थकांचा हेतू शंभर टक्के चांगला होता, मी त्यांच्याच बाजूची होते आणि तरीही मला हे लिहावे लागते आहे.

२०२० च्या उन्हाळ्यात जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या पोलिसाने केलेल्या हत्येनंतर हे शहरही रस्त्यावर उतरले. जे. सी. निकोल्स हे इथले मोठे बांधकाम व्यावसायिक. त्यांच्याच वसाहतींच्या खतांत ती ‘काळ्यांना विकू नये’ची कलमे असत. शहराच्या सर्वांत प्रसिद्ध कारंज्याला आणि एका रस्त्याला त्यांचे नाव होते. उद्यान मंडळाने ते दोन्हीकडून काढले. एप्रिल २०२१ मध्ये याच मंडळाने व्होल्कर बुलेव्हार्ड, स्वोप पार्कवे आणि ब्ल्यू पार्कवे या सलग रस्त्यांना किंग यांचे नाव दिले, या वेळी लोकांचे म्हणणे आधी ऐकून. हा रस्ता पूर्वेच्या वस्त्यांतून निघतो, ट्रूस्ट ओलांडतो आणि विद्यापीठाजवळून पश्चिमेकडे जातो. पासेओ ट्रूस्टच्या एकाच बाजूने धावतो. म्हणजे पहिल्या खेपेला नाव राहिले असते, तरी ते काळ्यांच्या वस्तीतच राहिले असते. आता गोऱ्या घरांतल्या मुलांनाही शाळेच्या फॉर्मवर, पिझ्झा मागवताना, किंग यांचे नाव सांगावे लागते. माझ्या मते खरा फरक इथे पडला आणि याची चर्चा कोणी पुरेशी केली नाही.

आता आपल्याकडचे. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समता नगर, भीम नगर, क्रांती नगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. मला त्याचा फार आनंद झाला. आजीच्या वस्तीला आता नवी पाटी आहे. पण गेल्या वेळी गावी गेले तर रिक्षावाल्याने जुन्याच नावाने विचारले, ‘तिकडं जायचंय का?’ आणि आमच्याच एका चुलत भावाने ‘हो’ म्हटले. नवीन नाव फक्त आमच्या वस्तीच्या तोंडाशी आहे. बाजारपेठेतून जाणाऱ्या, पाटलांच्या वाड्यावरून जाणाऱ्या रस्त्याला अजून नावच नाही, ‘मेन रोड’ म्हणतात. बाबासाहेबांचे, फुल्यांचे, अण्णाभाऊंचे नाव द्यायचे तर त्या मेन रोडला द्या. मुंबईत परळ-दादरवरून जाणारा डॉ. बाबासाहेब आंबेडकर रोड सगळ्यांचा आहे. त्यावरचा दुकानदार कोणत्याही जातीचा असो, पत्ता सांगताना ते नाव घेतो.

आणि ठराव करण्याआधी नगरसेवकांनी त्या रस्त्यावरच्या प्रत्येक घरी जावे. परवानगी मागायला नव्हे. बाबासाहेबांच्या नावाला परवानगी कोणाची लागत नाही, हे मी १९७८ पाहिलेली बाई म्हणून ठामपणे म्हणते. पण नाव का देतो आहोत, या माणसाने तुमच्यासाठीही काय केले, आधार कार्डावरचा पत्ता बदलायला मदत कोण करणार, हे दारात उभे राहून सांगावे आणि समोरच्याचे ऐकावे. विरोध करणारा खोटा आहे की दुखावलेला, हे तिथे पाच मिनिटांत कळते. सभागृहात ते कळत नाही.

शेवटची एक विनंती, थोडी वेगळी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाला आता सर्रास ‘बामू’ या इंग्रजी आद्याक्षरांच्या नावाने ओळखतात. विद्यार्थी म्हणतात, प्राध्यापक म्हणतात, वर्तमानपत्रेही मथळ्यात लिहितात. मथळ्याला जागा कमी असते, मला कळते. पण ज्या नावासाठी माणसे मेली, ते आपण उच्चारावे. आपल्या वृत्तपत्राने तरी पूर्ण नाव छापायची पद्धत घालावी.

त्या गिऱ्हाईक बाई अजून येतात. किंग १९५९ साली भारतात आले होते. त्रिवेंद्रमच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी मुलांना त्यांची ओळख ‘अमेरिकेतले अस्पृश्य बांधव’ अशी करून दिली. किंग आधी दचकले, मग म्हणाले, खरेच, मी अस्पृश्यच आहे. हा प्रसंग त्यांनी पुढे चर्चमधल्या प्रवचनात सांगितला होता. मी तो बाईंना सांगितला, तेव्हा त्यांनी विचारले, मग तुमच्याकडे त्यांच्यासारखा कोण होता? मी बाबासाहेबांचे नाव सांगितले. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिले आणि गोळ्यांच्या पिशवीवर मला देवनागरीत लिहून द्यायला लावले.

आपली नियमित वाचक,
कॅन्सस सिटी, मिझुरी
(मूळ परभणी)