शंभर टक्के खात्री, पण कशाची?

संपादक महोदय,

जीनोम, म्हणजे जीवाचा संपूर्ण डीएनए, वाचल्यावर अमुक प्राणी तमुकाचा जवळचा भाऊबंद निघाला, अशा बातम्या वरचेवर छापून येतात. 'या निष्कर्षाला शंभर टक्के पाठबळ' हे वाक्य त्यात हमखास असते आणि वाचणाऱ्याला वाटते, वाद मिटला. हा आकडा नेमके काय मोजतो, ते मात्र बातमीत नसते. म्हणून हे पत्र.

आकडा बहुधा 'बूटस्ट्रॅप'चा असतो. जोसेफ फेल्सेनस्टाइन यांनी १९८५ मध्ये ही पद्धत वंशवृक्षांसाठी आणली. निरनिराळ्या जीवांमधले तेच जनुक एकाखाली एक मांडले की डीएनएच्या अक्षरांचे उभे स्तंभ तयार होतात. चिठ्ठ्या काढाव्यात तसे त्यातले स्तंभ उचलायचे, उचललेली चिठ्ठी पुन्हा डब्यात टाकायची आणि मूळ संख्या भरली की वंशवृक्ष काढायचा. असे शंभर किंवा हजार वेळा. एखादी फांदी, म्हणजे ठरावीक जीवांचा एकत्र गट, दर वेळी आली, तर पाठबळ शंभर टक्के. माहिती तोकडी असल्यामुळे निकाल डगमगतो का, एवढेच यातून कळते. माहिती किंवा अक्षरे कशी बदलतात याचे गणिती मॉडेलच एका बाजूला झुकलेले असेल, तर लाखो स्तंभ तीच चूक एकमुखाने सांगतात. तराजूच्या काट्यातच खोट असेल, तर हजारदा वजन करून काय साधणार?

खोट शिरायच्या जागा अनेक. पहिली म्हणजे नमुना. जलअस्वल (टार्डिग्रेड) या सूक्ष्म प्राण्याची सुमारे एक षष्ठांश जनुके परक्या जीवांकडून आली, असा दावा २०१५ मध्ये झाला. त्यातला मोठा भाग नमुन्यासोबत आलेल्या जिवाणूंचा होता, हे दुसऱ्या गटाने लवकरच दाखवून दिले. डीएनए लहान तुकड्यांत वाचला जातो. म्हणून ते तुकडे जुळवल्यावर प्रत्येक तुकड्यातले जी आणि सी या अक्षरांचे प्रमाण आणि तो किती वेळा वाचला गेला, हे दोन्ही ताडून पाहतात. जिवाणूचा तुकडा सहसा कळपातून वेगळा पडतो.

दुसरी जागा जनुकांच्या निवडीची. जनुकाची दुसरी प्रत तयार झाली की दोन्ही प्रती आपापल्या वाटेने बदलत जातात. माणसाचे अल्फा ग्लोबिन आणि उंदराचे बीटा ग्लोबिन शेजारी ठेवले, तर माणूस आणि उंदीर कधी वेगळे झाले हे कळत नाही. ग्लोबिनच्या प्रती कधी फुटल्या ते कळते, आणि ती घटना कितीतरी जुनी आहे. अल्फाची तुलना अल्फाशीच हवी. एखाद्या जीवात एक प्रत नष्ट झाली असेल, तर उरलेली भलतीच प्रत संगणक बिनदिक्कत उचलतो. शेकडो जनुकांत अशी पाच-दहा शिरली, तरी एखादी नाजूक फांदी जागची हलू शकते.

आता मुद्दा ज्यावर सर्वाधिक गैरसमज आहेत: सगळी जनुके एकच इतिहास सांगत नाहीत. पूर्वजांच्या समूहात एका जनुकाची दोन-तीन रूपे नांदत असतात. प्रजाती पाठोपाठ फुटल्या, तर कोणते रूप कोणाच्या वाट्याला येईल याचा नेम नसतो. चिंपांझी माणसाला गोरिलापेक्षा जवळचा, यात शंका नाही. तरीही गोरिलाच्या सुमारे ३० टक्के जीनोममध्ये हे नाते जुळत नाही: गोरिला एकतर माणसाच्या किंवा चिंपांझीच्या अधिक जवळ दिसतो. अँटोनिस रोकास आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ८ यीस्टची १०६ जनुके सलग जोडली, तेव्हा प्रत्येक फांदीला शंभर टक्के मिळाले. त्याच रोकास यांनी २०१३ मध्ये लिओनिडास सालिकोस यांच्यासह २३ यीस्ट-जीनोममधली १,०७० जनुके सुटी तपासली, तर एकाही जनुकाचा वृक्ष एकत्रित वृक्षाशी तंतोतंत जुळला नाही. अर्थात, यातली काही फारकत नुसता गोंगाट असते, कारण छोट्या जनुकात अक्षरेच कमी. म्हणून 'अॅस्ट्रल'सारखी साधने सुट्या जनुकवृक्षांवरून प्रजातींचा वृक्ष बांधतात आणि जाणकार सलग जोडणी आणि सुटे वृक्ष या दोन्ही पद्धतींची उत्तरे शेजारी ठेवून पाहतात.

सर्वांत चिवट चूक म्हणजे लांब फांद्यांचे आकर्षण. अक्षरे चारच, त्यामुळे वेगाने बदलणाऱ्या दोन वंशांत तेच अक्षर योगायोगानेही येते आणि संगणक त्याला नाते समजतो. मायक्रोस्पोरिडिया हे परजीवी यामुळेच बराच काळ वृक्षाच्या बुंध्याशी बसवले गेले होते. आज त्यांची गणना बुरशींच्या गोतावळ्यात होते. उपाय असा की, लांब फांदी मध्येच तोडतील असे नातलग जीव घालायचे, अतिवेगाने बदलणारी स्थाने काढायची, प्रत्येक स्थानाला वेगळे वागू देणारे मॉडेल वापरायचे. आणखी अक्षरे ओतून ही चूक जात नाही, उलट पक्की होते.

तेव्हा विनंती एवढीच की, बातमीत शंभर टक्क्यांच्या शेजारी आणखी दोन गोष्टी छापाव्यात: त्या फांदीच्या बाजूने सुटी जनुके किती आहेत, आणि मॉडेल बदलल्यावर फांदी टिकली का.

कंगव्यासारख्या पट्ट्या असलेली कोंब जेली प्राण्यांच्या वृक्षातून आधी फुटली की स्पंज, हा वाद २००८ पासून पेटला आहे आणि मॉडेल बदलले की उत्तर बदलते. २०२३ मध्ये एका गटाने अक्षरे बाजूला ठेवून जनुके कोणत्या गुणसूत्रावर एकत्र बसतात ते पाहिले. स्पंज आणि उरलेल्या प्राण्यांत काही जनुकगट एकमेकांत मिसळलेले आढळले. कोंब जेली आणि प्राण्यांचे एकपेशीय नातलग यांच्यात ते सुटे आहेत. मिसळलेले गट पुन्हा नेमके पहिल्यासारखे वेगळे होणे जवळजवळ अशक्य, म्हणून कोंब जेली आधी, असा त्यांचा युक्तिवाद. अशा घटना मोजक्याच असल्याने आता एकेका घटनेचीच उलटतपासणी करता येते.

आपले,
जैवमाहितीशास्त्राचे दोन अभ्यासक