तिकडच्या बायकांचा अंगठा

नौपाडा, ठाणे
रविवार, रात्र

प्रिय नंदे,

तुझे दोन फोन उचलले नाहीत, पाडव्याला साधा मेसेजही केला नाही. हवं तेवढं रागाव, पण हे पत्र शेवटपर्यंत वाच. परवा जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू? प्रकृती ठीक. आईचा गुडघा तसाच.

आपल्याकडे भांडी घासणाऱ्या मावशींना तीन महिने रेशन मिळालं नव्हतं. मशीनवर अंगठाच लागेना. घासून घासून रेषा पुसल्या गेल्यात. मी त्यांचा हात खिडकीशी नेऊन पाहिला, चमच्याच्या पाठीसारखा गुळगुळीत अंगठा. दुकानदार म्हणायचा, उद्या या. प्रत्येक 'उद्या'ला एक खाडा आणि खाड्याचे पैसे कापले. २०२३ पासून धान्य फुकट आहे, माणशी पाच किलो, पण बुडलेल्या पैशांत त्यांना बाजारातूनच तांदूळ आणता आला असता गं.

मी एकटी रेशनच्या कार्यालयात गेले तेव्हा साहेब जेवायला गेले होते. दुसऱ्यांदा गेले तेव्हाही जेवायलाच. मग मावशींनी चढावरच्या वस्तीतल्या बायका गोळा केल्या. बावीस जणी! कुणी धुणीवाली, कुणी रेतीची घमेली उचलणारी, सगळ्यांचे अंगठे तसेच. अंगठा लागला नाही म्हणून धान्य नाकारू नका, असं केंद्रानं २०१७ मध्येच राज्यांना कळवलंय. तो कागद मी छापून नेला होता. मावशींनी तो माझ्या हातातून घेतला आणि सातवी झालेल्या सुनेच्या हातात दिला. पोरीनं अडखळत, पण एकही शब्द न गाळता वाचला. साहेब खुर्चीतून उठले. संध्याकाळपर्यंत वहीत नोंद करून धान्य मिळालं.

परतताना मासुंदा तलावाच्या कठड्यावर बसलो, तर मावशी म्हणाल्या, "ताई, बाहेरच्या देशातल्या गरीब बायकांचा तरी अंगठा लागतो का?"

नंदे, त्याच कठड्याशी आपण १७ ऑक्टोबर २००८ ला, गरिबी निर्मूलनाच्या जागतिक दिवशी, उभ्या होतो. गरिबी हटवण्यासाठी १७ ते १९ ऑक्टोबर या तीन दिवसांत जगभर अकरा कोटींहून जास्त माणसं उभी राहिल्याची मोजदाद झाली. मी धावत तुला सांगायला आले, तर तू म्हणालीस, "उभं राहून कुणाचं पोट भरलं? जगाची सोड, गल्लीतली गरिबी बघ." चार महिने अबोला! दादाच्या लग्नात तू माझ्या पानात मुद्दाम चार जिलब्या जास्त टाकल्यास, तेव्हा कुठे मिटलं. माझी छत्री मात्र अजून तुझ्याकडेच आहे.

मी मावशींना बर्मिंगहॅमचं सांगितलं. १९९८ मध्ये तिथे आठ बड्या देशांची बैठक होती, तेव्हा गरीब देशांचं कर्ज सोडा म्हणून सत्तरेक हजार माणसांनी हातात हात धरून साखळी केली. मावशींची बहीण भिवंडीकडे वीटभट्टीवर असते. त्या पटकन म्हणाल्या, "म्हणजे देशानंच उचल घेतली होती? आणि फिटत नव्हती?" नव्हतीच फिटत. शाळेचा, औषधाचा पैसा हप्त्यात जायचा. "मग हात धरल्यावर सोडली?" लगेच नाही, म्हटलं. पुन्हा लाखो माणसं रस्त्यावर आली, तेव्हा २००५ मध्ये मोठं कर्ज सोडायचं ठरलं, आणि पुढच्याच वर्षी झांबियानं खेड्यातल्या सरकारी दवाखान्यांची फी बंद केली. मावशी बराच वेळ पाण्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "आपल्यासाठी कुणी हात धरले होते, हे त्या बायकांना ठाऊक असेल का?"

तेव्हापासून झोप नाही. गल्ली आणि जग वेगळं नाही, हे मी तुला कधीचं सांगतेय. मावशींना ते एका शब्दात कळलं. पण तुझंही एक खरं होतं. आपण त्या दिवशी उभ्या राहिलो, मोजल्या गेलो आणि घरी गेलो. आताही तेच होईल का? बावीसपैकी चौघी म्हणाल्याच, "आमचं झालं." बाकीच्यांनी माझा नंबर 'रेशनवाल्या ताई' म्हणून ठेवलाय, आणि मला त्याचीच भीती वाटते. दर वेळी मला फोन लागणार असेल तर ती सून पुन्हा कागद हातात घेईल का? आणि भट्टीवरच्या बहिणीसाठी कोण जमणार? गणपतीनंतर ती पुन्हा उचल घेऊन गेली.

तुझे बाबा आठवतात. मस्जिद बंदरात पाठीवर गोण्या वाहायचे, आणि अण्णासाहेब पाटलांच्या माथाडींनी १९६९ चा कायदा कसा मिळवला ते सांगताना म्हणायचे, "मोर्चा सोपा गं पोरींनो, मोर्च्यानंतरची बैठक अवघड." तेव्हा आपण खिदळायचो. त्यांच्या टोळीतली माणसं काही घडत नसतानाही दर महिन्याला कशी जमायची, कुणाला बोलवायला कोण जायचं, हे तुला नक्की ठाऊक असेल. मला सविस्तर लिही. फोनवर नको, तू फोनवर घाईत असतेस.

नव्या घरात पाणी नीट येतं ना? पिल्लूची दहावी म्हणजे तुझीच परीक्षा. भावजींना नमस्कार.

१७ ऑक्टोबरला संध्याकाळी चढावरच्या मंदिरात बसायचं ठरलंय. बहिणीला भट्टीवरून आणायला मावशी स्वतः जाणार आहेत. तू ये. बाबांची हजेरीची ती निळी वही माळ्यावर असेल, ती शोध. छत्री राहू दे, वही आण.

तुझीच,
वासंती