ट्रॅकवर पहिल्यांदाच येणाऱ्यांसाठी

मंडळी, चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटला, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर, आपली बाईक पळवायला पहिल्यांदाच येणार असाल तर हे वाचाच. ट्रॅक ३.७ किलोमीटरचा आहे. घाटासारखी समोरून एसटी येणार नाही, म्हणून अंगात येऊ देऊ नका.

ब्रेक पॅड, चेन, टायर आठवडाभर आधीच तपासून घ्या. लिक्विड कूल्ड गाडीतलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) काढून डिस्टिल्ड पाणी भरा. सांडलेलं कूलंट तेलासारखं निसरडं असतं, आपल्यामागे येणारा त्यावर आडवा होतो. आरसे काढायचे, दिव्यांना टेप मारायची.

लेदर सूट, फुल-फेस हेल्मेट, ग्लोव्हज आणि घोट्याच्या वर येणारे बूट हवेतच. सूट लगेच विकत घेऊ नका, कुणाचा तरी उसना मागा.

नाव नवख्यांच्याच गटात द्यायचं, वीस वर्षं गाडी चालवणाऱ्यांनीसुद्धा. (हो दादा, तुम्हीही!) पिवळा झेंडा दिसला की ओव्हरटेक बंद, लाल दिसला की हात वर करून, वेग कमी करत पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या गाड्या थांबवायच्या जागेत. पहिल्या सेशनला लॅप टाइम (एका फेरीला लागलेला वेळ) बघूच नका, वळणाला आत कुठून शिरायचं तेवढं शिका.

विम्याची पॉलिसी वाचून या. ट्रॅकवरचं नुकसान त्यात बहुधा धरत नाहीत.