लोडशेडिंगमधली देवयानी

प्रिय सुध्या,

‘ताऱ्याचा जन्मदाखला कुठल्या ग्रामपंचायतीत मिळतो रे?’ तुझा फोनवरचा हा प्रश्न तेव्हा मी हसण्यावारी नेला, पण डोक्यातून गेला नाही.

परवा गावी रात्री आठला लाइट गेली. गच्चीवर आलो तर डोक्यावर भाद्रपदा नक्षत्रांचा चौकोन आणि त्याच्या न्‌ शर्मिष्ठा तारकासमूहाच्या मधे देवयानी दीर्घिकेचा, म्हणजे अँड्रोमेडा गॅलेक्सीचा डाग, फळ्यावरचा खडू बोटाने पुसल्यासारखा. २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला उजेड!

आणि मला खगोलशास्त्रज्ञ वाल्टर बाडे आठवला. १९४३ साल, युद्धामुळे लॉस एंजेलिसचे दिवे मंदावलेले. बाडे जर्मन. नागरिकत्वाचे कागद घर बदलताना हरवले, पुन्हा अर्ज केलाच नाही, म्हणून शत्रुराष्ट्राचा माणूस ठरला. सहकारी युद्धकामाला गेले आणि तिथल्या माउंट विल्सन वेधशाळेची १०० इंची दुर्बीण बरीचशी त्याच्याच वाट्याला आली. देवयानीच्या कडेचे तारे आधीच सुटे दिसले होते, गाभा मात्र नुसतं धुकं. बाडेने लाल प्रकाश टिपणाऱ्या फोटोच्या काचा वापरल्या आणि त्या धुक्याचे दाणे झाले. भुजांमध्ये निळे तारे, गाभ्यात तांबडे. निळ्या तरुणांना त्याने नाव दिलं पहिला गट, तांबड्या म्हाताऱ्यांना दुसरा. उलटंच की!

तर तुझा दाखला. वजनदार तारा उधळ्या असतो. निळा धगधगतो आणि काही कोटी वर्षांच्या आतच संपतो. सूर्यासारखा काटकसरी १००० कोटी वर्षं पुरतो. पंगतीत नुसते काठीवाले दिसले, तर त्या घरात शेवटचं बारसं कधी झालं याचा अंदाज येतोच ना? तसंच. एकेका ताऱ्याचा रंग आणि तेज आलेखावर मांडायचं, गणिताने काढलेल्या, वय ठाऊक असलेल्या ताऱ्यांशी ताडून बघायचं. फसगतही होते: मधे धूळ असली तरी तारा लाल दिसतो, त्यात जड मूलद्रव्यं जास्त असली तरी.

हबल दुर्बिणीने देवयानीच्या तबकडीचा साधारण तिसरा हिस्सा असा पिंजून काढला. ११ कोटी ७० लाख तारे सुटे मोजले. त्यातून दिसलं की २०० ते ४०० कोटी वर्षांपूर्वी तिथे ताऱ्यांची अचानक लयलूट झाली होती. बहुधा कुणी दीर्घिका येऊन धडकली असावी. शेजारच्या चिमुकल्या एम-३२ वर काहींचा संशय आहे. मला तर ती अगदी साळसूद वाटते.

दहाला लाइट आली, समोरच्या मंदिराचा हॅलोजन पेटला आणि डाग गेला. पुढच्या अमावास्येला ये. येताना दुर्बीण आण. माझीच आहे ती, तीन वर्षं झाली.

तुझा,
बंड्या