आठवे सत्र कोठे घालवावे : लेकीस पत्र

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

आठव्या सत्रात महाविद्यालयात राहून ऐच्छिक विषय घ्यावेत की पूर्ण सत्र कंपनीत इंटर्नशिप करावी, असे तू विचारले आहेस. त्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक काळजी आहे, ती मला अधिक महत्त्वाची वाटते: आपला मेकॅनिकलचा अभ्यासक्रम जुना झाला आहे आणि कंपन्यांना हवे ते आपल्याला येत नाही. त्या धास्तीपोटीच तू बॅटरी तंत्रज्ञानाचा तो महागडा सर्टिफिकेट कोर्स लावायचे म्हणतेस. चाकणच्या पट्ट्यात मेंटेनन्सचे काम करताना दरवर्षी नवे पदवीधर माझ्या हाताखाली येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

अभ्यासक्रम उद्योगाच्या मागे पडतो हे खरेच आहे, पण त्याचा सगळा दोष प्राध्यापकांच्या माथी मारू नकोस. एखादा विषय बदलायचा तर तो आधी अभ्यास मंडळात मांडावा लागतो, मग विद्यापरिषदेची मंजुरी लागते, आणि त्यानुसार पहिल्या वर्षापासून शिकलेली तुकडी बाहेर पडायला पुढे चार वर्षे जातात. २०१६ साली केंद्र सरकारने वाहनांच्या धुरावरील प्रदूषण-मर्यादांचा, म्हणजे ‘भारत स्टेज’चा, बीएस-५ हा टप्पा वगळून १ एप्रिल २०२० पासून थेट बीएस-६ लागू करायचे ठरवले. त्या वर्षी प्रवेश घेतलेली मुले पदवी घेऊन आली तेव्हा डिझेल गाड्यांच्या धुराड्यातली सारी यंत्रणा बदललेली होती, आणि त्याच २०२० च्या जानेवारीत पुण्याच्या परिसरात तयार होणारी विजेवरची चेतक स्कूटर आणि विजेवरची नेक्सॉन मोटार विक्रीला आल्या. या वेगाशी बरोबरी करायला कोणतेही विद्यापीठ धावले तरी ते मागेच राहणार. म्हणून आज कंपनीला जे हवे तेच वर्गात शिकवा, ही मागणी कितीही रास्त वाटली तरी मला पटत नाही. तिने तीन-चार वर्षांत शिळ्या होणाऱ्या पदव्या तयार होतील.

ज्या बॅटरीचे तुला दडपण आले आहे तिचेच उदाहरण घे. मोटारीच्या बॅटरी पॅकमध्ये सेलना लागून ॲल्युमिनियमची कूलिंग प्लेट असते आणि तिच्या मार्गिकांतून पाणी व ग्लायकॉलचे मिश्रण फिरते. सेल फार तापले तर त्यांचे आयुष्य घटते आणि एखादा बिघडून पेटला तर आग शेजारच्या सेलमध्ये पसरते; २०२२ मध्ये विजेच्या स्कूटरना आगी लागल्या, त्यानंतर सरकारने बॅटरीच्या सुरक्षा चाचण्या कडक केल्या. आता त्या प्लेटमधून किती उष्णता बाहेर काढायची, प्रवाह किती ठेवायचा, दाब किती घटेल, हे सगळे गणित तू शिकलेल्या हीट ट्रान्सफर (उष्णतेचे वहन) आणि फ्लुइड मेकॅनिक्सचेच (द्रव-वायूंच्या प्रवाहाचे शास्त्र) आहे. ते पक्के असेल तर उरलेले तू कामावर काही महिन्यांत शिकशील. ते कच्चे असेल तर कोर्सचे प्रमाणपत्र मुलाखतीच्या दुसऱ्या प्रश्नालाच उघडे पडते, हे मी समोर बसून पाहिले आहे.

तरीही तुम्हा मुलांत एक उणीव दिसते, आणि ती वर्गात भरून निघणारी नाही. मागे आमच्याकडे वेल्डिंगचा रोबो मध्येच थांबू लागला. नव्या पदवीधराने लगेच लॅपटॉप जोडून पीएलसीचा, म्हणजे मशिन चालवणाऱ्या छोट्या संगणकाचा, प्रोग्राम उघडला आणि बराच वेळ तो वाचत बसला. शेजारी उभ्या डिप्लोमाच्या अप्रेंटिसने मल्टिमीटर लावून क्लॅम्प सिलेंडरच्या (सुटा भाग पकडून धरणाऱ्या) रीड स्विचला, म्हणजे पकड बसली की नाही ते कळवणाऱ्या स्विचला, २४ व्होल्ट येतात का ते पाहिले. रोबोचा हात हलवताच ते येत-जात होते, कारण वायरी वाहून नेणाऱ्या केबल चेनमध्ये घासून वायर आतून तुटली होती. काल व्यवस्थित चाललेला प्रोग्राम रात्रीत आपोआप बिघडत नाही, ही समज मशिनपाशी उभे राहूनच येते. पदवीधर मुलगा हुशारच होता. त्याला चार वर्षांत कोणी मशिनपाशी उभेच केले नव्हते.

यात कंपन्यांचे कर्तव्य मोठे आहे आणि ते आम्ही नीट पार पाडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. अप्रेंटिस कायदा १९६१ पासून आहे. आजच्या नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यायचे आहेत. पुष्कळ ठिकाणी ही मुले शिकण्याऐवजी लाइनवर स्वस्तातले हात म्हणून राबतात, आणि मग तीच व्यवस्थापने बैठकांत ‘मुले तयार नसतात’ म्हणून तक्रार करतात. ती ऐकून मला वाईट वाटते. सोयी आता आहेत: यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२० मध्ये अप्रेंटिसशिप अंतर्भूत असलेल्या पदवीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, २०२२ मध्ये उद्योगातील अनुभवी माणसांना ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ म्हणून वर्गावर आणण्याची वाट मोकळी केली. पण कागदावरच्या सोयीला कंपनीतला एक जाणता माणूस आणि त्याचा वेळ मिळाला नाही, तर मुलाच्या पदरात काही पडत नाही.

म्हणून माझा कौल इंटर्नशिपला आहे, मात्र कंपनी नाव पाहून निवडू नकोस. मोठ्या कार्यालयात बसून एक्सेल भरण्यापेक्षा स्वतःची टूल रूम (साचे व हत्यारे बनवण्याचा विभाग) असलेला मध्यम पुरवठादार तुला कितीतरी अधिक शिकवेल. होकार देण्याआधी त्यांना विचार की मार्गदर्शक म्हणून नेमका कोण असेल, मला कोणत्या विभागांत फिरवणार, आणि एखादी अडचण सुरुवातीपासून शेवटपर्यंत माझ्याकडे सोपवणार का. मुलगी म्हणून तुला शॉपफ्लोअरऐवजी ‘सोयीचे’ टेबल देऊ लागले तर नम्रपणे पण ठामपणे नकार दे.

कोर्सची फी तूर्तास भरू नकोस. महाविद्यालयाने दिलेली कंपन्यांची यादी मला पाठव. त्यातल्या भोसरी, तळेगाव आणि चाकणच्या कंपन्यांत कोण मुलांना खरोखर शिकवते, याची मी चौकशी करून रविवारी फोनवर सांगतो.

तुझा,
बाबा