‘रिप्लेस ऑल’ दाबण्याआधी

महोदय,

साखर पेठेत गेली एकोणीस वर्षे माझे टायपिंगचे दुकान आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रे, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, लग्नपत्रिका, सगळेच येते. गेल्या महिन्यात माझ्या हातून एक चूक झाली आणि तिचा त्रास विड्या वळून घर चालवणाऱ्या एका मावशींना झाला, म्हणून हे पत्र.

मावशींचे माहेर तुळजापूर. नावातल्या फरकाचे प्रतिज्ञापत्र हवे होते. त्यांचीच २०१९ ची फाइल माझ्याकडे होती, ती उघडली, एक शब्द शोधून त्याजागी दुसरा टाकण्यासाठी कंट्रोल-एच दाबले. २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाल्यापासून जुन्या फाइलींत हा बदल हाताला इतका बसला आहे, की विचार न करता ‘रिप्लेस ऑल’, म्हणजे सगळ्या जागा एकदम बदला, केले. सात ठिकाणी बदल झाला. सहा बरोबर होते. सातवी जागा म्हणजे त्यांच्या शाळेच्या दाखल्यातून जशीच्या तशी उतरवलेली ओळ: ‘जन्मस्थळ तुळजापूर, जि. उस्मानाबाद’. दाखला १९७८ चा. त्यावर धाराशिव कुठून असणार? खिडकीवरच्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी धरले आणि जुळत नाही म्हणून परत दिले. मावशींचे दोन दिवस गेले. विडीचे काम हजारावर असते, वळल्या नाहीत तर पैसे नाहीत.

मराठीत हे काम फार जपून करावे लागते. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात. ‘फक्त पूर्ण शब्द शोधा’ अशी खूण केली तर ‘उस्मानाबादच्या’, ‘उस्मानाबादला’ सुटतात. न केली तर ‘राम’ बदलताना ‘आराम’ही बदलतो आणि ‘तुकाराम’ही. ‘तुळजापूर’ शोधले तर ‘तुळजापुरात’ सापडत नाही, तिथे पू चा पु झालेला असतो. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. डोळ्याला एकच, संगणकाला दोन. आणि श्रीलिपी या जुन्या फाँटमधल्या फाइलीत युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या पद्धतीने, टाइप केलेला शब्द शोधला, तर तो समोर दिसत असूनही ‘सापडला नाही’ असे उत्तर येते.

आकड्यांची तर मला धास्तीच आहे. एका सोसायटीच्या अहवालात साल बदलण्यासाठी आमच्या मुलाने ‘२३’ चे ‘२४’ केले आणि एका सभासदाची ८,२३० ची ठेव ८,२४० झाली. छापायला जाण्याआधी हिशेबनिसांनी पकडली.

माझ्या व्यवसायबंधूंना विनंती आहे, ‘फाइंड नेक्स्ट’ दाबत एकेक जागा बघा. पाच मिनिटे जास्त लागतील, लागू द्या. संगणकाच्या वर्गांतही मुलांना आधी हेच शिकवावे. ज्या कार्यालयांत असे कागद जातात त्यांनी नाव बदललेल्या जिल्ह्यांसाठी ‘धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद)’ असा उल्लेख सरसकट मान्य करावा. आपल्या शेजारचाच जिल्हा आहे, सोलापुरात तिथली माहेरवाशीण घरोघरी आहे.

मावशींना नवी प्रत मी त्याच संध्याकाळी काढून दिली, पैसे घेतले नाहीत. देण्याआधी ती ओळ त्यांना मोठ्याने वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, ‘‘आधीच वाचली असतीस तर बरं झालं असतं रे.’’

– एक टायपिंग व्यावसायिक, साखर पेठ, सोलापूर